बिनपक्षाची पंचायत

निंबोला, जि. बऱ्हाणपूर

चि. सुहास,

पक्ष सगळे बंद करावेत, पाच वर्षं देश लष्कराकडे द्यावा आणि गावोगावी चांगली माणसं निवडावीत, असं तू परवा फोनवर म्हणालास. असीरगडाच्या वाटेवर राहणाऱ्याला फौजेचं अप्रूप कमीच. गड अकबरानं 1601 साली घेतला, इंग्रजांनी 1819 साली. पायथ्याच्या गावांना कोण विचारतो? आणि तुझी योजना नवीही नाही. पाकिस्तानच्या लष्करशहा अयुबखानानं ती 1959 सालीच राबवली.

आदल्या ऑक्टोबरात पाकिस्तानात मार्शल लॉ लागला होता, पक्षांवर बंदी होती. मग ‘मूलभूत लोकशाही’ निघाली. पूर्वेत चाळीस हजार, पश्चिमेत चाळीस हजार प्रतिनिधी लोकांनी निवडायचे, त्यांनी गावचा कारभार बघायचा. इथवर कुणालाही पटेल. मेख पुढे आहे. फेब्रुवारी 1960 मध्ये याच मंडळींना विचारलं, अयुबखानावर तुमचा विश्वास आहे ना? पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त ‘हो’! ज्याच्या गावचा निधी साहेबाच्या सहीवर अडतो, तो ‘नाही’ कशाला म्हणेल? 1965 साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जिनांची बहीण फातिमा जिना अयुबखानासमोर उभ्या राहिल्या. सभांना लोटली ती जनता, मतदार मात्र असेच ऐंशी हजार पंच. बाई हरल्या. पुढे तिथलेच लष्करशहा झियांनी 1979 साली आणि नंतर मुशर्रफांनीही स्थानिक निवडणुका बिनपक्षाच्याच घेतल्या. लष्करशहाला गावचा पंच आवडतो, कारण त्याच्या पाठीशी कुणी नसतं.

कागदावर आमची मध्य प्रदेशातली पंचायतही बिनपक्षाचीच. 2022 ला पंचाची मतपत्रिका पांढरी, सरपंचाची निळी, तालुक्याच्या जनपद पंचायतीची पिवळी, जिल्हा पंचायतीची गुलाबी. एकीवरही कमळ नाही की पंजा नाही. तरी कोण कुणाचा हे चहाच्या टपरीवरचं पोरगंही सांगतं. मला त्याचं काही वाटत नाही. सरपंचाची भोपाळपर्यंत ओळख असते, तशी पडलेल्याचीही असते. ही दुसरी ओळख गावाला जास्त कामाची.

आता आमचंही ऐक. 73व्या घटनादुरुस्तीनंतर 1994 साली सर्वांत आधी पंचायत निवडणुका घेतल्या त्या मध्य प्रदेशानं. त्याच राज्यात 2020 ला मुदत संपली आणि निवडणूक लटकली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा घोळ. जाहीर झालेलं मतदानही रद्द झालं. 10 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं बजावलं, तेव्हा कुठे जून-जुलैत मतं पडली. तोवर जुन्याच सरपंचांचा कारभार. लष्कर नसतानाही हे होतं, हे मला मान्य. पण त्या भांडणात कोर्टाची पायरी चढणाऱ्यांत पक्षांची माणसं होती. अयुबखानाच्या पंचांमागे तसं कोण होतं?

तू तर पुण्यात राहतोस. तिथल्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात नगरसेवक नाही, पक्षाची कटकट नाही, सगळं प्रशासकाच्या हाती. म्हणजे तुला हवं तसंच. तेव्हा नळाला पाणी आलं नाही की तू कुणाचं दार वाजवायचास, तेवढं कळव.

तुझ्या आईला नमस्कार.

तुझा
मामा