खोड आणि खूण

तुमच्या घरी देवघराच्या फडताळात, माळ्यावर नाहीतर जुन्या ट्रंकेत एखादी जुनी पोथी असेलच. ती काढून बघितलीत तर कुठे एखादी ओळ दोनदा पडलेली, कुठे शब्द चुकलेला, तर कुठे पाने उलटी शिवलेली सापडतील. असे काही सापडले की हल्ली कुणीतरी हमखास म्हणतो, "अहो, जपून ठेवा! चुकीचं छापलेलं पुस्तक लाखाला जातं." हे खरे की खोटे, याचा शोध मला गेल्या मार्च महिन्यात घ्यावा लागला. तो हौसेपोटी नव्हे, अडचणीपोटी घेतला. म्हणून तुम्हाला सांगावेसे वाटते.

गोष्ट आमच्या घरच्या पोथीची आहे. वडिलांनी पंढरीच्या वारीहून येताना श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' आणला, तेव्हा मी पाळण्यात होतो. आई चौथीपर्यंत शिकलेली. चातुर्मासात दिवेलागण झाली आणि गुरांना वैरण पडली, की ती सोप्यात पोथी घेऊन बसायची. आळीतल्या आठ-दहा बायका ऐकायला यायच्या. या पोथीत एक गंमत होती. ९६ वे पृष्ठ संपले की पुढे ९७ वे येतच नसे. एकदम ११२ वे येई, तेही डोके खाली आणि पाय वर. तिथून उलट्या क्रमाने ९७ पर्यंत जायचे आणि मग ११३ पासून पुन्हा सगळे सरळ. आई त्या जागी आली की सोळा पृष्ठे ओलांडून जाई, पोथी फिरवून धरी आणि वाचायला लागे. तेवढा भाग संपला की पुन्हा पोथी सरळ करी. आम्हा पोरांना त्या दिवसाची वाट असे. बायका म्हणत, "पोथी पालथी झाली गं, आता चहा टाका." दरवर्षी चहा त्याच जागी व्हायचा.

आता अडचण कसली ती सांगतो. मागल्या हंगामात सोयाबीन काढणीला आले आणि पावसाने धरले. उभ्या पिकात शेंगांना कोंब फुटले. जे हाती आले त्यात मजुरी तेवढी निघाली. मार्चअखेर सोसायटीचे भरायचे, त्यात चाळीस हजार कमी पडत होते. अशात धाकटा भाऊ एके दिवशी मोबाईल घेऊन आला. त्यात बातमी होती की लंडनमध्ये निघालेले 'हॅरी पॉटर'चे पहिले पुस्तक डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ४ लाख ७१ हजार डॉलरला गेले. आपल्या पैशात साडेतीन कोटींच्या आसपास! आणि त्या पुस्तकात छपाईची चूक आहे.

भाऊ म्हणाला, "दादा, त्याच्यात एक ओळ दोनदा पडलीय, तर साडेतीन कोट. आपल्या पोथीत तर सोळा पानं पालथी हायती!"

त्याने पोथीचे फोटो मोबाईलवर कुठेतरी टाकलेही होते. लगेच एकाचा फोन आला होता. नऊ लाख देतो म्हणाला, पण आधी नोंदणीचे साडेतीन हजार पाठवा. भाऊ पैसे पाठवायला निघालाच होता. मी म्हटले, "दोन दिवस थांब. बाजारात बैल घेणारा इसार देतो. इथे घेणाराच आपल्याकडून इसार मागतोय, हा कुठला बाजार?"

आईला विचारले. तिचे वय ऐंशीच्या पुढे आणि आता डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणाली, "ने बाबा. माझं वाचून झालंय. कर्ज फिटत असंल तर पांडवांनाबी वाईट वाटायचं नाही."

पोथी पंचात गुंडाळून पिशवीत घातली आणि एस.टी.ने पुण्याला गेलो. आमच्या शाळेच्या गुरुजींनी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुनी पुस्तके विकणाऱ्याचा पत्ता दिला होता. माणूस वयस्कर आणि शांत होता. त्याने पोथी उशाकडून, पायथ्याकडून बघितली. शिवण बघितली, पाने मोजली. मग हसून म्हणाला, "काका, बसा. चहा घ्या." नऊ लाखांचे काय होणार ते मला तेवढ्यावरच उमगले. पण त्याने जे समजावून सांगितले, ते मला चाळीस हजारांइतके नसले तरी बरेच मोलाचे वाटले. पुढे तालुक्याच्या वाचनालयात बसून मी त्यात आणखी भर घातली.

तो म्हणाला, पुस्तकात चूक दोन जातीची असते. एक छापणाऱ्याची आणि दुसरी बांधणाऱ्याची. छापताना एका मोठ्या कागदावर दोन्ही अंगांनी मिळून सोळा पृष्ठे छापतात. तो कागद तीनदा दुमडला की आठ पानांची घडी होते. तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक लावायचे, शिवायचे, कडा कापायच्या आणि वर पुठ्ठा चढवायचा. आता हजारो घड्या हाताखालून जाताना एखादी उलटी लागते, एखादी दोनदा लागते, तर एखादी राहूनच जाते. आमच्या पोथीत सातवा फर्मा उलटा लागला होता. ही बांधणाऱ्याची चूक. ती त्या एका प्रतीपुरती असते. शेजारच्या प्रतीत ती नसेल, किंवा तिथे दुसरीच असेल.

मी म्हटले, "मग तर आमची प्रत जगात एकच झाली की!"

तो म्हणाला, "तुमच्या गोठ्यातली लंगडी गायही जगात एकच असते, काका. म्हणून तिला कुणी जास्त पैसे देतं का?"

मी गप्प झालो. मग विचारले, त्या साडेतीन कोटींचे काय?

तेव्हा त्याने दुसऱ्या जातीची चूक सांगितली. 'हॅरी पॉटर'चे पहिले पुस्तक १९९७ साली निघाले. लेखिका तेव्हा कुणाला माहीत नव्हती, म्हणून पुठ्ठा-बांधणीच्या फक्त ५०० प्रती काढल्या. त्यातल्या बऱ्याचशा वाचनालयांत गेल्या आणि मुलांच्या हाती फाटल्या. पुढे ते पुस्तक जगभर गाजले आणि लाखो लोकांना ती अगदी पहिली प्रत हवीशी झाली. त्या पहिल्या छपाईत ५३ व्या पृष्ठावर शाळेला न्यायच्या सामानाची यादी आहे. तीत जादूची कांडी दोनदा पडली आहे. जाणकार ते पान उघडून बघतो ते प्रत पहिल्या छपाईची आहे का, हे ताडण्यासाठी. पैसे पडतात ते पहिल्या ५०० मधल्या, धडधाकट राहिलेल्या प्रतीला. चूक ही नुसती तिची ओळख. तीच चूक त्या वेळच्या साध्या कागदी बांधणीच्या प्रतींतही आहे, पण त्यांना असा भाव येत नाही.

अमेरिकन लेखक स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीचेही तसेच. ती १९२५ साली निघाली. पहिल्या छपाईत २०५ व्या पृष्ठावर एक शब्द चुकला, तो पुढच्या छपाईत सुधारला. वरच्या कागदी वेष्टनावर तर नायकाच्या नावाचे पहिले अक्षर इंग्रजी रीतीप्रमाणे मोठे हवे, ते लहान पडले आणि कित्येक प्रतींवर ते शाईने हाताने दुरुस्त केले. आज शोधणारे या खुणा बघतात. पण ते वेष्टनच फाटून गेले असेल तर त्याच पुस्तकाची किंमत कुठल्या कुठे खाली येते.

मग चुकीमुळेच मोल आले असे एकही पुस्तक नाही का? आहे. इंग्लंडमध्ये १६३१ साली रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास या राजाच्या छापखानदारांनी बायबल छापले. त्यातल्या दहा आज्ञांपैकी "व्यभिचार करू नको" या आज्ञेतला नकारच गळाला! देवाची आज्ञा "व्यभिचार कर" अशी छापून गेली. राजा पहिला चार्ल्स संतापला. दोघांना ३०० पौंड दंड झाला, छपाईचा परवाना गेला आणि प्रती गोळा करून नष्ट केल्या. त्यातून निसटलेल्या सुमारे वीसच प्रती आज ठाऊक आहेत. तिथेही बघा, चूक सगळ्याच प्रतींत होती. प्रती नष्ट झाल्या म्हणून उरलेल्या दुर्मिळ झाल्या, आणि मागे गोष्ट उरली म्हणून लोकांना त्या हव्याशा वाटल्या.

टपालाच्या तिकिटांचे असेच. १८५४ साली कलकत्त्याला चार आण्याचे दोन रंगांचे तिकीट छापले. चौकट लाल आणि व्हिक्टोरिया राणीचे डोके निळे. कागद यंत्रावर दोनदा जाई. काही कागद उलटे गेले आणि राणीचे डोके खाली झाले. त्यातली मोजकीच तिकिटे उरली आहेत, म्हणून त्यांना मोठा भाव आहे. पण तिकिटे जमवणारे जगभर आहेत आणि त्यांना मालिकेतले प्रत्येक तिकीट हवे असते. पालथा फर्मा शोधत हिंडणारे तेवढे नाहीत. एखादा हौशी माणूस गंमत म्हणून घेईल, इतकेच. बहुतेकांना पुस्तक सगळ्या पानांनिशी, जागच्या जागी हवे असते.

परतीच्या एस.टी.त मी याचा विचार करत होतो. आपण बैलबाजारात काय करतो? बैलाला मारकी खोड असली, तो बसका असला, तर किंमत उतरते. पण एखाद्या बैलाचा रंग, शिंगांची ठेवण बघून हा अस्सल खिलार आहे हे कळते, तेव्हा किंमत चढते. खोड वेगळी आणि खूण वेगळी. पुस्तकातल्या चुकीचेही तेच. लोकांना मुळात हव्या असलेल्या पुस्तकाची पहिली छपाई जी चूक दाखवून देते, ती खूण. नुसताच वाचणाऱ्याला अडवते, ती खोड. आमच्या पोथीची ती खोडच ठरली. दुकानदार स्पष्ट बोलला होता, "दीडशे देतो. फर्मा सरळ असता तर तीनशे दिले असते." 'पांडवप्रताप' कितीतरी छापखान्यांनी वर्षानुवर्षे छापला आणि तो गावोगाव आहे. मी पोथी परत पंचात गुंडाळली.

घरी आल्यावर भावाने त्या फोनवाल्याला म्हटले, "नोंदणीचे साडेतीन हजार नऊ लाखांतून कापून घ्या." तो फोन पुन्हा लागला नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने असेच फी, कमिशन मागणारे निघाले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध केले होते. माल बदलला तरी चाल तीच. चाळीस हजारांसाठी शेवटी गाभण कालवड विकली. तिला नेताना धाकट्याने मान वर केली नाही, पण साडेतीन हजार तरी वाचले.

तुमच्याकडे जुने पुस्तक असेल तर एवढे करा. पहिल्या पानावर छापखाना, साल आणि आवृत्ती बघा. पाने मोजा. चुकलेली अक्षरे पेनाने सुधारू नका, फाटले म्हणून चिकटपट्टी लावू नका, घाईने नवी बांधणी करू नका. आपल्याकडे मुंबईला गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकात छापील पंचांग काढले. त्या काळातली शिळाछापाची पोथी सापडली तर तिच्यात एकही चूक नसली तरी ती मोलाची. हाताने लिहिलेली पोथी किंवा मोडी कागद असतील तर रद्दीत घालण्याआधी जाणत्याला दाखवा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असले कागद सांभाळते आहे. आणि किंमत सांगण्याआधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

यंदाच्या चातुर्मासात आमची थोरली सून पोथी वाचायला बसली. आई भिंतीला टेकून ऐकत होती. एका संध्याकाळी सून वाचता वाचता मध्येच थांबली आणि पाने पुढे-मागे करू लागली. आईने डोळे मिटूनच विचारले, "शहाण्णव झालं का गं?"

"हो आत्या, पुढचं सापडेना."

"आठ पानं टाक आन् पोथी फिरव," आई म्हणाली, "पण आधी चहा टाक."