पनवेलच्या परसात सल्काटाचे आवार

परसात कासवासाठी आवार आखण्याआधी कासव कोणते, हे पाहावे लागते. चोरून विकले जाणारे स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरी बाळगणे हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. ज्याच्याकडे ते असेल त्याने वनखात्याला कळवावे, आवाराचा विचारच करू नये. परदेशी कासवांचे नियम वेगळे आहेत. सायटिस कराराच्या यादीतला प्राणी असेल तर ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते आणि तो दुसऱ्याच्या ताब्यात गेला की तीही नोंद करावी लागते. २०२४ च्या नियमांनी ही पद्धत ठरवून दिली. प्रस्तुत लेखकाकडचा आफ्रिकन सल्काटा एका नातलगांच्या मुंबईतल्या फ्लॅटमधून असाच, कागदपत्रांसह, पनवेलला आला. गॅलरी त्याला पुरेनाशी झाली होती.

सल्काटा हे सहाराच्या दक्षिण कडेवरचे, साहेल पट्ट्यातले कासव. गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची कासवे सोडली तर जमिनीवरच्या कासवांत जगात तेच सर्वांत मोठे. पूर्ण वाढलेला नर पन्नास किलोंच्या घरात जातो, कधी त्याहूनही पुढे, आणि आयुष्य कित्येक दशकांचे असते. तळहातावर मावणारे पिल्लू विकताना हे कुणी सांगत नाही, आणि त्याचे भोग त्या मुक्या जिवाला भोगावे लागतात. त्याच्या मुलखात वर्षाला जेमतेम काहीशे मिलिमीटर पाऊस पडतो. पनवेलला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. पनवेलच्या आवाराचा नकाशा या फरकावरच बेतावा लागतो.

त्यामुळे इथे विटेला हात लावण्याआधी एक अख्खा पावसाळा परसाचे निरीक्षण केले गेले. पागोळ्या कुठे पडतात, शेजारच्या आवारातले पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरते, पाऊस उघडल्यावर डबके कुठे टिकते, शेवाळ कुठे धरते, त्या त्या जागी बांबूच्या खुंट्या ठोकल्या. पनवेलची बरीच नवी वस्ती जुन्या भातखाचरांवर उभी आहे. तिथली चिकण माती पाणी धरून ठेवते. भाताला ते मानवते, सल्काटाला मारक ठरते. ओल्या जमिनीवर दिवसेंदिवस बसून राहिले की पोटाकडच्या कवचाला कूज लागते. ओलीला गारवा मिळाला की फुप्फुसाचा आजार होतो. नाकातून पाणी किंवा बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, खाणे सोडणे ही त्याची लक्षणे.

यावरचा उपाय म्हणजे उंच जोते. खुंट्यांच्या नकाशात जो भाग कोरडा राहिला तिथे चिऱ्याचे जोते घेऊन आत मोठी खडी, तिच्यावर मुरूम ठोकून आणि सर्वांत वर रेतीमिश्रित माती, असे थर द्यावेत. जोत्याची उंची नेहमीच्या पावसावर ठरवू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्या पुराचा तडाखा पनवेललाही बसला. त्या दिवशी पाणी कुठवर चढले होते, हे आळीतली जुनी माणसे भिंतीवर हात ठेवून दाखवतात. लेखकाच्या परसातले जोते त्या खुणेच्या वर घेतले आहे, आणि गवंड्याला ते आधी फाजील वाटले तरी त्यात तडजोड केली नाही. जोत्यावर पत्र्याच्या छपराची, पन्हळ लावलेली खोली हवी. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू पूर्ण बंद आणि दार पूर्वेला. चढण खरखरीत आणि सौम्य असावी. जड कासव उलटे पडले तर त्याला सुलटे होणे अवघड जाते, आणि भर उन्हात तसेच राहिले तर ते दगावते. हे सगळे काम आगोटीआधी, मे महिन्यात उरकावे लागते.

सल्काटा पट्टीचा खणणारा आहे. त्याच्या मुलखात बिळे कित्येक मीटर लांब असतात आणि दुपारच्या उन्हापासून तीच त्याला वाचवतात. पनवेलच्या जमिनीत जुलैत असे बीळ पाण्याने भरेल किंवा ढासळेल. म्हणून खोलीच अंधारी आणि बुटक्या दाराची ठेवून बिळाची गरज भागवावी. कुंपणाच्या भिंतीचा पाया मात्र दोन फूट खाली न्यावा. भिंत जाळीची नको: पलीकडचे दिसले की कासव तिथेच ढुशा देत राहते. बंद चिऱ्याची भिंत त्याला थोपवते, मोकाट कुत्र्यांनाही. पिल्लू असेल तर कावळा, मुंगूस आणि घूस यांच्यासाठी वरूनही जाळी लागते.

आवाराचा मोठा भाग उघडाच हवा. उन्हातले अतिनील किरण अंगावर पडल्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही. काच हे किरण अडवते. पावसाळ्यात आभाळ दिवसचे दिवस झाकोळलेले असते, तेव्हा खोलीत यूव्हीबी दिवा लागतो. हा प्राणी शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे हिवाळ्यातल्या गार रात्रींसाठी सिरॅमिक हीटर ठेवावा. एप्रिल-मेला झाडाची सावली लागते. या परसात ते काम आंबा करतो.

कासव समोर येईल ते चावून पाहते. म्हणून कण्हेर, बिट्टी, धोतरा, घाणेरी, डिफेनबाकिया मुळासकट काढावीत. हरळी वाढू द्यावी. तिच्या जोडीला जास्वंद, तुती आणि फड्या निवडुंग. मुख्य चारा गवताचाच. पालक रोज नको, फळे नकोत, पोळी-भात तर नाहीच. कुंडीतल्या झाडांवरही कीटकनाशक मारू नये. पाण्याचे ताट उथळ, जमिनीच्या पातळीत बसवलेले असावे आणि पाणी रोज बदलावे, कारण साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. ताट धुणाऱ्याने आणि कासवाशी खेळणाऱ्या मुलांनी साबणाने हात धुवावेत.