कोयता : एका नोंदीची हकीकत

आमच्या महाविद्यालयांत 'संशोधन' हा शब्द विद्यार्थी वयात आल्यावरच त्याच्या कानी पडावा, असा जणू रिवाज आहे. पहिल्या वर्षी नेमलेली पुस्तके, दुसऱ्या वर्षी साहित्यप्रकार, तिसऱ्या वर्षी समीक्षेच्या व्याख्या, आणि मग कधीतरी पीएच.डी.च्या दारात उभे करून त्याला सांगायचे की, आता शोध घे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने चार वर्षांची पदवी आणली, तेव्हाही संशोधन चौथ्या वर्षीच ठेवले गेले. तेसुद्धा पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यांपुरते. शोध घेणे हे अशा रीतीने एक बक्षीस ठरले. ज्याने दुसऱ्यांची उत्तरे नीट पाठ केली, त्याला चौथ्या वर्षी स्वतःचा प्रश्न विचारण्याची मुभा.

याच्या नेमका उलट विचार पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील एका व्याख्यानात मांडला होता. विद्यार्थी आला की पहिल्याच वर्षी त्याला स्वतःचे असे एक संशोधनकार्य द्यावे आणि त्याच्या सोबतीला एक जाणता माणूस असावा, असे त्यांचे म्हणणे. लँड स्वतः हार्वर्डमधले शिक्षण अर्धवट सोडून बाहेर पडलेले. तेव्हा वर्गात बसून वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना चांगले ठाऊक असावे. पुढे १९६९ मध्ये त्याच संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीपूर्व विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सामील करून घेणारा उपक्रम सुरू केला. तो आजही चालू आहे.

हे सारे वाचून आम्ही प्रभावित झालो, हे कबूल केले पाहिजे. पण तिथे प्रयोगशाळा होत्या, यंत्रे होती. आमच्याकडे मराठी विभाग, एक कपाट आणि त्या कपाटात दोन कोश : मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा पुनर्मुद्रित कोश आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात विभाग. कपाटाची किल्ली शिपायाकडे असे आणि ती मागायला वर्षातून फार तर दोघे-तिघे येत.

त्या कपाटापासूनच आरंभ करायचे आम्ही ठरवले. प्रथम वर्षाच्या चौदा विद्यार्थ्यांना काम दिले ते असे : घरात बोलला जाणारा, पण पुस्तकात फारसा न भेटणारा एक शब्द निवडायचा. घरातल्या वा गावातल्या दोन माणसांना त्याचा अर्थ आणि वापर विचारायचा. ऐकलेली वाक्ये ऐकली तशीच उतरवायची. मग दोन्ही कोश पाहायचे आणि एका कार्डावर नोंद लिहायची : शब्द, अर्थ, वाक्य, गाव, माहिती कोणी दिली, कोशात काय आहे, काय नाही. दर शुक्रवारी आम्ही एकेकाबरोबर अर्धा तास बसणार. मार्गदर्शन म्हणून एवढेच.

पहिले काही शुक्रवार निराशेचे गेले. बहुतेकांनी अर्थ कोशातूनच उतरवला आणि आजीच्या तोंडी घातला. एकाने तर आजीला संस्कृत व्युत्पत्ती सांगायला लावली! दोष त्यांचा नव्हता. बारा वर्षे शाळेत त्यांना हेच शिकवले होते की, उत्तर छापलेले असते आणि घरी बोलतात ते चुकीचे असते.

बीड जिल्ह्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने शब्द निवडला होता 'कोयता'. आम्ही कार्ड पाहिले आणि थोडे चिडूनच म्हणालो, "अगं, हा शब्द कुणाला ठाऊक नाही? कोशात आहे तो."

"आहे सर," ती म्हणाली, "पण तो हत्याराचा आहे. आमच्याकडं कोयता म्हणजे माणसं."

मग ती सांगू लागली. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम टोळी बांधतो तेव्हा किती माणसे असे विचारत नाही; किती कोयते, असे विचारतो. हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, तीही कोयत्यामागे ठरते. हे सांगताना तिने आवाज बराच खाली आणला होता. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात तिने 'गावातील एक बाई' असे लिहिले होते. ती बाई म्हणजे तिची आई, हे कळायला आम्हांला आणखी दोन शुक्रवार लागले.

तिने अर्थ लिहिला होता : 'जोडपे'. आम्ही विचारले, "मग लग्नाच्या पंगतीत एखादं जोडपं शेजारी बसलं, तर त्याला कोयता म्हणाल का?" ती हसली, नाही म्हणाली. "जोडप्यातलं एकच माणूस तोडीला गेलं तर?" याचे उत्तर तिला ठाऊक होते : अर्धा कोयता. "मग कोयता म्हणजे नक्की काय?" हे मात्र तिलाही सांगता येईना आणि, खरे सांगायचे तर, आम्हांलाही नाही. वीस-बावीस वर्षांच्या अध्यापनात विद्यार्थ्यासमोर बसून 'आम्हांलाही ठाऊक नाही, विचारून ये' असे म्हणण्याची आमची ती पहिलीच वेळ असावी.

विचारणार कसे? दिवाळी होऊन गेली होती. आई फडात होती. कार्डे डिसेंबरअखेर पूर्ण करायची, असे आमचे वेळापत्रक. ते आम्ही मुकाट्याने पुढे ढकलले. रात्री कोपीवर परतल्यावर आईचा फोन लागे, तेव्हा मुलगी एखादा प्रश्न विचारी आणि उत्तर वहीत उतरवी. फेब्रुवारीत ती नवे कार्ड घेऊन आली. त्यावर लिहिले होते : 'कोयता : ऊसतोडीच्या हिशेबातील एकक. नवरा-बायको मिळून एक. मजुरी टनावर धरतात व कोयत्याच्या नावे लावतात. बाईचा हिशेब वेगळा नसतो.' खाली आईचे वाक्य, जसेच्या तसे.

ते कार्ड आम्ही बराच वेळ हातात धरून बसलो. स्त्रीवादी समीक्षेवर आम्ही वर्गात पुष्कळ बोललो होतो. भाषेत कोण मोजले जाते आणि कोण वगळले जाते, याची टिपणे विद्यार्थ्यांना उतरवून दिली होती. इथे प्रथम वर्षाच्या मुलीने एका नामाचा अर्थ तपासता तपासता ती गोष्ट हिशेबाच्या वहीसह समोर ठेवली होती.

इथवरची हकीकत सांगताना आम्हांला संकोच वाटत नाही. पुढची सांगताना वाटतो.

त्याच मार्चमध्ये एका चर्चासत्रात आम्ही बोलीभाषा आणि कोशरचना या विषयावर निबंध वाचला. 'कोयता' हे त्यातले मध्यवर्ती उदाहरण. निबंध वाखाणला गेला आणि स्मरणपुस्तिकेत छापला गेला. त्यात शब्द होते : 'आमच्या क्षेत्रीय पाहणीत असे आढळले की...' हे 'आमच्या' लिहिताना हात अडखळला नाही. पुस्तिका विभागाच्या कपाटात, कोशांच्या शेजारी ठेवली. आणि कपाट आता उघडे राहू लागले होते, हेही आमचेच कर्तृत्व.

विद्यार्थिनीने ती वाचली. पुढच्या शुक्रवारी तिने विचारले, "सर, यात आईचं नाव टाकायचं नसतं का?"

स्वतःच्या नावाचे तिने काही विचारले नाही. आम्ही काहीतरी म्हणालो. संशोधनपद्धती, संदर्भांची मर्यादा वगैरे. घरी जाताना मात्र मोल्सवर्थ आठवत राहिला. सुमारे ६०,००० शब्दांच्या त्या कोशावर मोल्सवर्थ आणि कँडी बंधू यांची नावे आहेत. शब्द जमवण्याच्या कामी राबलेल्या शास्त्रीमंडळींची नावे आज किती जणांना सांगता येतील? आणि त्या शास्त्र्यांना ज्यांनी शब्द सांगितले, त्यांची? हा प्रश्न आम्ही वर्गात दरवर्षी मोठ्या आवेशाने विचारत आलो आहोत.

तिच्या आईला फोन केला तो आम्हीच. चूक सांगितली, क्षमा मागितली आणि पुढच्या छपाईत नाव घालतो, असे म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "नाव नगा टाकू सर. मुकादमाला कुणी वाचून दावलं म्हंजी? उचल फिटायची हाय अजून. पोरीचं टाका."

उदार मनाने श्रेय द्यायला निघालेल्या आम्हांला हे सुचलेच नव्हते की, छापील नाव हा कुणासाठी मान असतो तसा कुणासाठी धोकाही असू शकतो. ते कुठल्या पद्धतिशास्त्राच्या पुस्तकातून कळायच्या आधी एका फोनवर कळले.

प्रथम वर्षाच्या मुलांना संशोधन झेपेल का, असे आमचे सहकारी अजूनही विचारतात. चौदांपैकी नऊ कार्डे सामान्यच निघाली, हे आम्ही लपवत नाही. झेपण्याचा प्रश्न आहेच. परंतु तो निम्मा आमचाही आहे. शिकवताना आम्ही उत्तराच्या बाजूला उभे असतो. विद्यार्थ्याबरोबर शोधायला बसलो की ती जागा सोडावी लागते, आणि आपल्याला काय येत नाही हे त्याला जवळून दिसते. चौथ्या वर्षापर्यंत त्याला थोपवून ठेवण्यात आमची सोय किती आणि त्याची तयारी किती, हे एकदा प्रामाणिकपणे तपासले पाहिजे.

कार्ड कपाटात आहे. शेवटचा रकाना आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लिहिला : 'माहिती देणार : ऊसतोड कामगार स्त्री, बीड जिल्हा. नाव त्यांच्या इच्छेवरून दिलेले नाही.' त्याखाली विद्यार्थिनीचे नाव, तिच्याच अक्षरात. आमचे नाव कुठे घालावे, असे तिने विचारले होते. त्या कार्डावर त्यासाठी रकाना नव्हता.