आधी निवड, मग लिंक

रोज नव्या गॅजेट्सच्या बातम्यांचा रतीब घालून ब्रायन लॅम थकले होते. ‘गिझमोडो’ या साइटचं संपादकपद सोडून ते हवाईत राहायला गेले आणि २०११ मध्ये त्यांनी ‘वायरकटर’ ही साइट सुरू केली. तिथे बातम्या नव्हत्या. एका गरजेसाठी एक वस्तू निवडायची, ती का निवडली ते सविस्तर सांगायचं आणि शेजारी खरेदीची लिंक द्यायची, एवढंच काम. पाच वर्षांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती साइट सुमारे तीन कोटी डॉलरना विकत घेतली.

अशा लिंकांमागचा, म्हणजे अफिलिएट मार्केटिंगचा, व्यवहार तसा साधा आहे. वाचक लिंकवर टिचकी मारतो, ब्राउझरमध्ये साठवलेल्या कुकी नावाच्या छोट्या नोंदीमुळे त्याला कुणी पाठवलं ते दुकानाला कळतं आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली की शिफारस करणाऱ्याला कमिशन मिळतं. ग्राहकाला त्यासाठी जादा पैसे मोजावे लागत नाहीत. ‘सीडीनाऊ’ या दुकानाने १९९४ मध्ये ही पद्धत वापरली, १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती सगळ्यांसाठी खुली केली. अ‍ॅमेझॉनची मुदत साधारण चोवीस तासांची. त्यामुळे नवखा माणूस दिसेल तिथे लिंका पेरत सुटतो. पन्नास वस्तूंची यादी, पन्नास लिंका, आणि त्यांतली एकही वस्तू त्याने हाताळलेली नसते.

अशा यादीवर विसंबून घेतलेली वस्तू परत गेली, की कमिशनही जातं आणि वाचकही.

‘वायरकटर’च्या लेखांत निवडलेल्या वस्तूच्या उणिवांसाठी वेगळा भाग असतो. विकायला बसलेला माणूस मालातली खोट स्वतःहून दाखवतो, तेव्हाच ग्राहकाचा हात पाकिटाकडे जातो.

ब्रिटनमध्ये मार्टिन लुइस यांनी २००३ मध्ये ‘मनीसेव्हिंगएक्स्पर्ट’ ही साइट सुरू केली, त्यांची शिस्त याहून कडक. कोणतं बचत खातं, कोणतं क्रेडिट कार्ड चांगलं हे संपादक आधी ठरवतात. त्यातून कमिशन मिळू शकतं का, हे नंतर पाहिलं जातं. कमिशनच्या लिंकला तारांकन असतं आणि शक्य तिथे त्याच वस्तूची बिनकमिशनची लिंकही दिलेली असते. पैसे न देणारा रस्ता वाचकासमोर मोकळा ठेवूनही ही साइट २०१२ मध्ये ८ कोटी ७० लाख पौंडांपर्यंतच्या व्यवहारात विकली गेली.

मराठीत हे काम करू पाहणाऱ्याला आपल्या स्वयंपाकघरापासूनही सुरुवात करता येईल. मिक्सरची शिफारस करायची तर त्यात शेंगदाण्याचं कूट तेल न सुटता होतं का, ओल्या खोबऱ्याचं वाटण गुळगुळीत येतं का, लागोपाठ दोन-तीन घाणे काढल्यावर मोटर किती तापते, हे स्वतः करून पाहावं आणि जसंच्या तसं लिहावं. इंग्रजी परीक्षणांत या प्रश्नांची उत्तरं क्वचितच सापडतात, आणि मिक्सर घेणाऱ्या मराठी घराला नेमकी तीच हवी असतात. मुंबईतल्या ‘अ‍ॅस्की’ या जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून समाजमाध्यमांवरच्या सशुल्क शिफारशींवर तसा ठळक उल्लेख करायला सांगितलं आहे. तेव्हा ‘या लिंकवरून खरेदी झाल्यास आम्हाला कमिशन मिळतं’ हे वाक्य तळाशी बारीक अक्षरांत दडवू नये. पहिल्या लिंकच्या आधी, सहज वाचता येईल असं लिहावं.