पायाखालचा पाट

सिस्टरमावशींची आमच्या घरात एकच वस्तू आहे, जेवायला बसायचा जुना पाट. त्यावर आम्ही कधी जेवलो नाही. माझ्या थोरलीचे पाय त्यावर टेकले.

2009 साल. आम्ही इस्लामपूरला भाड्यानं राहत होतो. अडीच वर्षांच्या लेकीला पाच-पाच दिवस शी व्हायची नाही. पडद्यामागे जाऊन पायांना पीळ घालून ती चवड्यांवर उभी राहायची, चेहरा लालबुंद. मला वाटायचं, कुंथतेय. मधूनच चड्डी पातळ शीनं माखायची. मला वाटायचं, जुलाब. मी रागवायचे. एकदा हातही उगारला.

शेजारच्या सिस्टरमावशी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझा हात धरला. "अगं, ती शी धरून ठेवतेय. कधीतरी खडा होऊन दुखलं असणार, पोर धसकलंय. धरली की आत आणखी घट्ट होते आणि कडेनं पातळ झिरपते. तिला कळतही नाही ते."

साबणाची कांडी, एरंडेल असे घरातून आलेले सल्ले त्यांनी बाजूला ठेवायला लावले आणि डॉक्टरांकडे स्वतः सोबत आल्या. लॅक्ट्युलोजचं औषध सुरू झालं. दिवसाचं लिटरभर दूध निम्म्यावर आलं, ताटात भाजी-फळं वाढली. आठवड्यात पोट साफ व्हायला लागलं तशी मी बाटली कपाटात ठेवली. मावशींनी ती परत काढायला लावली. "ताणलेलं आतडं ताळ्यावर यायला महिने लागतात. डॉक्टर सांगतील तेव्हाच, हळूहळू कमी करायचं."

जेवणानंतर आतडी हलतात, म्हणून रोज रात्री जेवल्यावर पाच मिनिटं कमोडवर. लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही, म्हणून खाली पाट. मावशी उंबऱ्यात बसून मांजरीची गोष्ट सांगायच्या. शी झाली का, हे कधी विचारायच्या नाहीत. एका रात्री आतूनच आवाज आला, "मावशी, दुखलं नाही!" मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

धाकटा झाला तेव्हा त्यांनी मला दुपटं उजेडात धरून बघायला शिकवलं. पिवळी, हिरवी चालेल, पण पांढुरकी, मातकट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ते यकृताचं दुखणं असू शकतं आणि तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

मावशी आता नाहीत. पाट सध्या वरच्या मजल्यावर, एका तीन वर्षांच्या मुलाच्या पायाखाली आहे. संध्याकाळी मी तिथे उंबऱ्यात बसते. मांजरीची गोष्ट मला पाठ आहे.