पोटमाळ्यावरच्या चारशे पेट्या

न्यूयॉर्क राज्यात सेनेका सरोवराच्या काठी 1869 साली उघडलेले विलार्डचे मनोरुग्णालय 1995 मध्ये बंद झाले. आवराआवर करताना एका इमारतीच्या पोटमाळ्यावर सुमारे चारशे सुटकेस, ट्रंका आणि पेट्या सापडल्या. रुग्ण दाखल होताना सोबत आणलेले हे सामान. बहुतेक पेट्यांचे मालक तिथेच वारले, आणि मागाहून हे सामान न्यायला कोणी आले नाही. एरवी गेलेल्या माणसाचा चष्मा घरच्या खणात राहतो, कपडे कुणाच्या तरी अंगी लागतात. इथे पत्रे, फोटो, दाढीचे सामान, सगळे तसेच मिटून राहिले.

यातली एक पेटी लॉरेन्स मोका याची. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या गॅलिशियातून तो अमेरिकेत आला, न्यूयॉर्क शहरात खिडक्यांच्या काचा पुसू लागला. 1916 मध्ये त्याला इस्पितळात नेले आणि दोन वर्षांनी विलार्डला धाडले. तिथून तो सुटलाच नाही. पुढे त्याने रुग्णालयाच्या दफनभूमीत कबरी खणायचे काम पत्करले. कामगार म्हणून नव्हे, रुग्ण म्हणून. दीड हजारांहून अधिक कबरी त्याने हाताने खणल्या. शेजारच्या झोपडीत त्याचा दिवस जाई. ज्यांना पोचवायला नातलग आले नाहीत, त्यांच्यासाठी मातीत नीट कोपरे काढणारा हा एक माणूस होता. एवढी सोबत विलार्डमध्ये दुसऱ्या कोणी कोणाला दिली नसेल. 1968 मध्ये, नव्वदीत, तो गेला आणि त्याच जमिनीत पुरला गेला. त्याच्या पेटीत काळे बूट होते. बाहेर जाताना घालायचे.

विलार्डच्या दफनभूमीत 5,776 माणसे आहेत. कबरींवर नावे नव्हती, फक्त आकडे. त्यातलेही अनेक लोखंडी आकडे गवत कापायला सोपे जावे म्हणून काढले गेले. रुग्णांची माहिती गुप्त ठेवायचा कायदा मेलेल्यांनाही लागू केला गेला. छायाचित्रकार जॉन क्रिस्पिन यांनी या पेट्यांचे फोटो काढले तेव्हा आडनावे झाकावी लागली. जिवंतपणी नाव हिरावलेल्या माणसाचे मेल्यावर नाव झाकून ठेवणे हे रक्षण नव्हे, दुसऱ्यांदा पुरणे आहे.

पेट्या आता न्यूयॉर्क राज्य संग्रहालयात आहेत. लॉरेन्सचे नाव कोरलेली पाटी 2015 मध्ये दफनभूमीत लागली, तो गेल्यानंतर 47 वर्षांनी.