कागदांचा शेजार

कूलर ज्या रेषेत वारा फेकतो त्या रेषेत कागदाचं कपाट ठेवू नये, हे खान्देशात चिकटवह्या करणाऱ्याने सगळ्यांत आधी शिकून घ्यावं. मे महिन्यात बाहेर 45 अंशांचा रखरखाट असतो आणि आत कूलरच्या ओल्या गवतातून गाळून आलेला वारा. माणसाला त्यात डुलकी लागते, कार्डशीटला मात्र पोक येतं. सकाळी सपाट असलेला ताव दुपारपर्यंत कडा उचलतो आणि रात्री कूलर बंद झाला की वाळून भलतीकडेच वळतो. आठवडाभर हा खेळ चालला की त्यावर चिकटवलेला फोटो आपसूक सुटून हातात येतो. पाचोऱ्यातल्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत दिवेलागणीनंतरही हाताला चटका देते. स्वयंपाकघरात फोडणीची वाफ, पुढच्या खोलीत कूलर. राहिली मधल्या खोलीची पूर्वेकडची भिंत. तिथे दिवाण होता. दिवाण हलला.

कपाट साधं, पत्र्याचं. आत कार्डशीटचे ताव, हातकागद, नागमोडी काप देणाऱ्या कात्र्या, फुला-पानांचे पंच, शिक्के, शाईच्या गाद्या, रंगीत टेपा, लेस, बटणं, टिकल्या, मणी. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं जमवलं ती मंडळी वेगळीच: तिकिटं, कात्रणं, लग्नपत्रिका, पत्रांचे तुकडे, वहीत दाबून वाळवलेली पिंपळपानं, केळीच्या सोपटाचे रेशमासारखे चकाकणारे पापुद्रे. दार उघडं दिसलं की सासूबाई उंबऱ्यातूनच विचारतात, ‘‘हाई काय मांडेल शे?’’ या प्रश्नाला त्यांना उत्तर नको असतं. विचारून त्या पुढे जातात.

हल्ली फोनवर या छंदाचे व्हिडिओ पुष्कळ दिसतात. पारदर्शक प्लास्टिकच्या पेट्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्यासारखा लावलेला कागद. दिसायला सुरेखच. पण ती कपाटं फोटोसाठी लावलेली असतात असं माझं स्पष्ट मत आहे. रंगावरून कागदाचा स्वभाव कळत नाही. पिवळा हातकागद आणि पिवळं पडलेलं वर्तमानपत्र रंगाने एका कप्प्यात बसतील, पण वर्षभरात दुसरं पहिल्याला डागाळून टाकेल. मी शेजार बघून लावते. कोण कोणाला लागून राहू शकतो आणि कोणाला कोणापासून लांब ठेवायचं, एवढं ठरलं की डबे आपोआप ठरतात.

सगळ्यांत वाईट शेजारी म्हणजे सेलोटेप. लावताना काचेसारखी स्वच्छ. दोन-चार उन्हाळे गेले की तिची वरची पट्टी खडखडीत होऊन गळून पडते आणि खालचा चिकटा कागदात मुरून तेलकट, तपकिरी पट्टा तेवढा मागे राहतो. तो कशानेही जात नाही. दुहेरी टेपची रीत निराळी. मे महिन्यात तिच्या कडांमधून गोंद पाझरतो आणि एकावर एक ठेवलेली रिळं एकमेकांना धरून बसतात, म्हणून दोन रिळांमध्ये बटर पेपरची चकती लागते. शाईच्या गाद्या पालथ्या ठेवायच्या, म्हणजे शाई वरच्या अंगाला राहते. स्केचपेनं आडवी. टिकल्या-मण्यांसाठी मी जुना मसाल्याचा डबा काढला. सात वाट्या, घट्ट झाकण, एका नजरेत सगळं समोर. पण तो डबा कागदाच्या कप्प्यात जात नाही. कितीही घासला तरी हिंगाचा वास सुटत नाही आणि कागद तो लगेच उचलतो.

या छंदातल्या वस्तूंचे पूर्वजही मजेशीर आहेत. पोरी ज्या नक्षीदार जपानी टेपांवर जीव टाकतात, त्या करणारी कुराशिकीची कामोई कंपनी 1923 साली सुरू झाली ती माश्या पकडायचा चिकट कागद बनवायला. आणि मार्क ट्वेनने 1873 मध्ये चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पानांवर डिंकाचे पट्टे आधीच लावलेले, नुसतं पाणी फिरवायचं आणि कात्रण बसवायचं. डिंकाच्या डबीशी झटापट करून कंटाळलेल्या माणसाची ही युक्ती. त्याने आपल्याकडचा श्रावण पाहिला नव्हता. तशी वही इथे कपाटात ठेवली, तर पोळ्यापर्यंत तिची सगळी पानं एकमेकांना चिकटून वीट झाली असती.

खळीचीही एक गोष्ट सांगायला हवी. वह्या बांधणारे जुने बाइंडर मैद्याची खळ शिजवताना तीत मोरचूद टाकत. कारण खळ हे कसरीचं आणि झुरळांचं आवडतं खाणं. पुस्तकाची पाठ कुरतडलेली दिसते तेव्हा त्यांना अक्षरांशी देणंघेणं नसतं, मैदा हवा असतो. मोरचूद विषारी, घरात लेकरं असली तर त्या वाटेला जाऊ नये. मी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते. डांबरगोळ्यांचा वास मला सोसत नाही.

वर्तमानपत्राच्या कात्रणांना मी स्वतंत्र कप्पा दिला आहे, कोणालाही न लागता. ती खुशाल पिवळी पडोत, दुसऱ्याला पाडू नयेत. त्या कागदात लाकडाचा लगदा जवळजवळ जसाच्या तसा असतो. त्यातल्या लिग्निनला ऊन-हवा लागली की कागद पिवळा होतो, आंबतो, आणि ती आंबट बाधा शेजारच्या पानाला देतो. आणि हा कागद आपल्या अगदी जवळचा. भुसावळहून खंडव्याच्या बाजूला निघालं की बऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर लागतं. वर्तमानपत्राचा कागद देशात पहिल्यांदा तिथे तयार झाला. 1956 साली नेहरूंनी तिथली कागद गिरणी देशाला अर्पण केली. आजूबाजूच्या जंगलातला सालई आणि बांबू कापून तिथे लगदा व्हायचा. वडिलांनी कापून ठेवलेल्या जुन्या बातम्या हातात घेते तेव्हा वाटतं, यातलं एखादं पान तरी सातपुड्यातल्या सालईचं असेल.

माझं माहेर शेंदुर्णी. म्हणजे पी. जे.च्या गाडीचं गाव. पाचोरा ते जामनेर, 56 किलोमीटर, रुळांमध्ये जेमतेम अडीच फुटांचं अंतर. गाडी इतकी निवांत की डब्यातली बाई शेतातल्या बाईला पूर्ण वाक्यात निरोप सांगू शके. 2020 साली टाळेबंदीत ती थांबली आणि त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. माझ्याकडे तिची पुठ्ठ्याची तिकिटं आहेत. बोटाच्या दोन पेरांएवढा लांब, जाडसर तुकडा, दोन्ही टोकांना नंबर, आणि खिडकीतल्या यंत्रात खट्‌कन दाबून उमटवलेली तारीख. शाई फिकी झाली तरी तारखेचे खळगे बोटाला लागतात. त्यांच्या शेजारच्या पाकिटात एसटीची जुनी तिकिटं, पातळ रंगीत कागदाची, कंडक्टरच्या पंचने भोकं पाडलेली. तीही शाबूत आहेत. गेली ती नंतरची, यंत्रातून सुरकन निघणारी. तो कागद उष्णतेने छापतो आणि उष्णतेनेच पुसला जातो. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला तर आणखी लवकर. आमच्या उन्हाळ्यात अशा तिकिटाचं आयुष्य ते किती! आता तसलं तिकीट आलं की प्रवासाचा मजकूर मी पेन्सिलीने मागे लिहून टाकते. पुढची बाजू कोरी झाली तरी पाठ बोलते.

शेजार बघायची ही सवय मला आजीकडून आली. शेंदुर्णीच्या धाब्याच्या घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, तिची गोधडीच्या चिंध्यांची गाठोडी असत. ती त्या रंगाने लावत नसे. चिंधी दोन बोटांत धरून चोळायची, किंचित ताणायची, आणि मग ठरवायची कोणत्या गाठोड्यात टाकायची ते. एकात अजून जोर असलेलं कापड, एकात अंगावर वापरून मऊ झालेलं लुगडं, आणि एकात नुसतं आत भरायला लागणारं विरलेलं. नवं कापड विरलेल्याला लागून शिवलं तर धुण्यात नवं आटतं आणि जुन्याला ओढून फाडतं, हे ती सुई चालवता चालवता सांगायची. रंग शेवटी, गोधडी अंथरून बघताना. आणि तेव्हा ती रंगांबाबतही काही कमी चोखंदळ नव्हती.

तीच गाठोडी नजरेपुढे असल्यामुळे असेल, पण धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं नाव निघालं की मला इतिहासाआधी फडकं आठवतं. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले, पहिला 1898 मध्ये. त्यामागे गावोगाव पायपीट, कुणाचा माळा, कुणाचं फडताळ, उंदरांनी अर्धवट खाल्लेली दफ्तरं. 1926च्या अखेरीला धुळ्यातच ते गेले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. आपल्याकडे दफ्तरं रुमालात बांधत, सुती कापडाच्या चौकोनात. कापड धूळ अडवतं आणि हवा अडवत नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पेटीचं उलटं. जुलैतली दमट हवा एकदा आत कोंडली की दिवाळीपर्यंत बाहेर पडत नाही आणि झाकण उघडल्यावर बुरशीचा आंबूस वास तोंडावर येतो. माझ्या पुऱ्या झालेल्या वह्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत बांधलेल्या आहेत. प्लास्टिकच्या पेट्या आहेत त्या मणी, बटणं आणि पंच यांच्यासाठी. त्यांना श्वास घ्यायचा नसतो.

पाचोऱ्याहून मुंबईकडे निघालं की चाळीसगाव. तिथले केकी मूस (1912–1989) वर्षानुवर्षं स्टेशनजवळच्या आपल्या घरातच राहिले आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी डोंगर-दऱ्यांचे भास होतील अशी छायाचित्रं घेतली. त्यांच्या घराचं आता कलादालन झालं आहे. ती छायाचित्रं पाहून मी वस्तू टाकायच्या थांबले, हा त्यांचा गुण की दोष ते आमच्या घरात अजून ठरायचं आहे.

आता पत्रिका. लग्नसराईत खान्देशातल्या कुठल्याही घरात पत्रिकांची चळत होते, आणि सराई संपली की तीच चळत अडचण होते. कारण प्रत्येकीवर गणपती. रद्दीत घालवत नाही, जाळवत नाही. गल्लीतल्या बायकांना माझ्या कपाटाचा पत्ता लागल्यापासून त्या पिशव्या भरून आणून देतात. ‘‘वहिनी, तुमच्याकडे राहू द्या. गणपती आहे, टाकवत नाही.’’ माझ्याकडे आले की जणू विसर्जन झालं! उंची जाड कागद, सोनेरी ठसे, मखमली वेलबुट्टी, दोऱ्याची गोंड्याची गाठ. असा माल पैसे देऊन मागवला तर अंगावर येईल. पण कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेलं असतं आणि ते शेजाऱ्याला लागतं, म्हणून आधी कोपरे कापून निघतात. गणपतीभोवती कात्री फिरते, त्याच्यातून फिरत नाही. कापलेले गणपती साडीच्या चपट्या खोक्यात, एकावर एक. खोकं आता जड झालं आहे आणि कपाटात सर्वांत वर आहे, कारण त्याच्यावर दुसरं काही ठेवायला सासूबाई देत नाहीत. एवढ्या एका बाबतीत त्यांनी माझ्या कपाटाचा कारभार हातात घेतला आहे.

पत्रिकेतली मी न चुकता राखते ती ओळ तळाशी असते: ‘‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’’ आणि खाली बारक्या टायपात चिल्ल्यापिल्ल्यांची नावं, सोनू, मोनू, पिंकी, गोलू, छकुली. या पट्ट्यांचं एक लिफाफ्याएवढं खोकं आहे. जुन्या पट्ट्यांमधली मुलं आता स्वतः नवरे-नवऱ्या होऊन पहिल्या पानावर आली आहेत, पूर्ण नावानिशी, पदव्यांसकट. एका वहीत मी सोनूची पट्टी आणि त्याच सोनूच्या पत्रिकेचं पहिलं पान समोरासमोर लावलं. ते पान दाखवलं तेव्हा त्याची आई हसली आणि मग म्हणाली, ‘‘याची एक झेरॉक्स द्या ना.’’

झेरॉक्स दिली. मूळ पान देववलं नाही.

कापायचं आणि न कापायचं यांच्यातली सीमा मात्र मला अजून आखता आलेली नाही. पी. जे.च्या तिकिटांची एकच वही करायची असं मनात आहे. कागद निवडलाय, सोपटाचे पापुद्रे रुळांसारखे बारीक कापून तयार आहेत. पण तिकीट चिकटवलं की मागची बाजू गेली, आणि एका तिकिटाच्या मागे आईच्या अक्षरात भाजीचा हिशेब आहे. पानाला चार चिरा देऊन कोपरे नुसते अडकवावेत, म्हणजे काढून उलटून बघता येईल, असा एक मार्ग आहे. भाची म्हणते, फोटो काढून छापून लाव, एवढं काय. तिचं म्हणणं खोडता येत नाही आणि पटतही नाही. तिकिटं तूर्तास आजीच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आहेत.

परवा एक पत्रिका आली. उघडली, दोन बोटांत धरून चोळून बघितली. 300 जीएसएमचा तरी असेल, मोतिया रंग, आत बटर पेपरचं पान, आणि गणपती लाकडाच्या पातळ पत्रीत कोरलेला, सुटा निघणारा. मन लावून मी ती योग्य कप्प्यात ठेवली. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन, ‘‘हळद कधीची आहे गं त्यांच्याकडे? आणि कार्यालय कुठलं?’’ मी म्हटलं, ‘‘थांबा, कपाट उघडते.’’